दोन सुरांची शीळ

आईने शीळ घातली.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी आईचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरून "अजून थोडा, आजी, अजून थोडा" म्हणत होती. मी खिडकीपाशी बसून चहा निवायची वाट बघत होते, आणि ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईने ओठांचा चंबू करून एकदम शीळ घातली. दोन सूर. एक वर जाणारा, एक खाली येणारा, आणि दुसरा थोडा लांबवलेला. "अश्शी," ती त्या मुलीला म्हणाली, "आमचे हे तळमजल्यापासून अशी शीळ घालत यायचे. ती ऐकली की मी चहाचं आधण ठेवायची. ते दारात पोचेपर्यंत पाणी उकळलेलंच." मुलगी गुडघा सोडून हसायला लागली. "आजी, मला होता हा धडा! सातवीत! खरंच घालायचे ते?" आई म्हणाली, "म्हणजे काय! ही काय उगाच लिहील?" मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं, एखादं लहान मूल पाहुण्यांसमोर धडाधडा पाढे म्हणून दाखवतं तेव्हा बघतात तसं. मी कप तोंडाला लावला. चहा अजून गरम होता, जीभ भाजली, आणि ते बरंच झालं, कारण त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात कधी शीळ घातली नाही. ती मी लिहिली. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या अंधाऱ्या विहिरींत, ग्रीस लावलेल्या दोरांमध्ये उभे राहायचे आणि संध्याकाळी आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे तीन जिने चढून यायचे. कंपनीने दिलेले रबरी तळव्यांचे बूट असायचे, त्यांचा आवाज होत नसे. मशीनच्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा, त्याचा व्हायला हवा होता, पण तो ते मुठीत घट्ट आवळून धरायचे. त्यामुळे बाबा आले हे दार उघडल्यावरच कळायचं. आम्ही दोघं भावंडं गाद्यांवर उड्या मारत असायचो, किंवा दादा आमच्या गणिताच्या मास्तरांची नक्कल करत असायचा, आणि दारात बाबा. ते ओरडायचे नाहीत. मारल्याचं तर मला आठवतच नाही. नुसते उभे राहायचे, मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागायचे, आणि तेवढ्या वेळात आमच्या घरातला सगळा आवाज कोणीतरी नळ बंद करावा तसा बंद व्हायचा. आम्हाला पकडायला ते असे चोरपावलांनी येतात, हे आमचं लहानपणीच ठरलेलं होतं. मी त्या माणसाला भीत होते आणि नंतर, भ्यायचं वय गेल्यावर, त्याच्यावर चिडत होते. ते गेले तेव्हाही मी चिडलेलीच होते.

शीळ कशी आली तेही सांगते. मी तेव्हा विमा कंपनीत होते, दाव्यांच्या विभागात. कोणाची गाडी ठोकली, कोणाच्या गोदामात पाणी शिरलं, कोण बाथरूममध्ये घसरलं, त्यांनी लिहिलेली हकिगत वाचायची आणि त्यातलं खरं किती, वाढवलेलं किती हे ठरवायचं, हे माझं काम. मी त्यात तरबेज होते. माणूस खोटं लिहायला लागला की तपशील फार चांगले देतो, हे मला तिथे कळलं. खरा घसरलेला माणूस म्हणतो, घसरलो. खोटा घसरलेला साबणाचा रंग सांगतो. आणि हे दिवसभर केल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत, कपाटांच्या मागच्या टेबलावर बसून बाबांवर कथा लिहीत होते आणि ती काही केल्या उभी राहत नव्हती. बूट होते, किल्ल्या होत्या, मूठ होती, सगळं जसंच्या तसं होतं. मासिकाच्या संपादकांनी ती दोनदा परत केली. तिसऱ्यांदा त्यांनी मला समोर बसवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, बाप आहे, पण कागदावर नाही. दिसत नसेल तर नसू दे. निदान ऐकू तरी येऊ दे." मी तणतणत खाली उतरले. खाली एक ट्रक मागे घेत होते आणि त्याचा क्लीनर शीळ घालून ड्रायव्हरला दिशा दाखवत होता. दोन सूर. दुसऱ्या दिवशी मी ती शीळ उचलून बाबांच्या ओठांवर ठेवली, आणि त्या दिवशी जेवायचं विसरून गेले. जिन्यावरून दोन सूर वर येतात, आई आधण ठेवते, मुलं दाराकडे धावतात. सगळी कथा भराभरा त्या शिळेच्या मागे चालत आली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे ज्यांना मी माहीत आहे त्यांना. कथा गाजली. पाठ्यपुस्तकात गेली. 'वडिलांच्या शिळेतून त्यांचा स्वभाव कसा व्यक्त होतो?' हा प्रश्न कित्येक वर्षं परीक्षेला येत होता. माझ्या सख्ख्या भाच्याला त्यात अर्धे गुण मिळाले आणि तो माझ्यावर आठवडाभर रुसला होता. एका समीक्षकांनी तिच्यावर मोठा लेख लिहिला, त्यांच्या मते ती शीळ म्हणजे एका संपूर्ण वर्गाचा दबलेला उच्चार. मी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. क्लीनरचं सांगितलं नाही. का सांगायचं? आमचा धंदाच हा. सुतार लाकूड आणतो, आम्ही कुठूनही काहीही आणतो. कोणी मला विचारलं असतं की हे खरं का, तर मी सांगितलं असतं, की कथा आहे. पण कोणी विचारलंच नाही. वाचणाऱ्याला खरंच वाटायला हवं असतं आणि लिहिणाऱ्यालाही त्याला तसं वाटायला हवं असतं, तेव्हा मध्ये बोलणार कोण.

मात्र हल्ली मला काय झालं होतं कोण जाणे. निवृत्त होऊन घरी बसल्यावर मला एक तरी पुस्तक असं लिहायचं होतं की ज्यात एकही क्लीनर नाही. बाबांवरच. शिळेशिवाय. प्रकाशकांना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. "लिहा की, खरं खरं लिहा. हल्ली खरं खपतं." मी त्यांच्यावर खेकसले, पण लिहायला घेतलं. पहिलंच प्रकरण किल्ल्यांचं, मुठीतल्या. त्यासाठीच तर मी आईकडे गेले होते. बुटांचा रंग काळा की तपकिरी, पिशवी खांद्याला की हातात, एवढंच विचारायला. बाबांना रोज संध्याकाळी घरात येताना पाहिलेलं आता जगात आईशिवाय होतं कोण? मी आणि दादा, पण आम्ही तेव्हा केवढे. आणि त्या आईने माझ्या डोळ्यांदेखत शीळ घातली होती. माझी. म्हणजे क्लीनरची. आणि ती इतकी बरोबर होती! कथेत मी नुसतं 'दोन सूर' लिहिलंय, वर-खाली काही लिहिलेलं नाही. हा लांबवलेला दुसरा सूर तिने आणला कुठून?

घरी आल्यावर मी कागद पुढे ओढले आणि माझं खरं प्रकरण वाचायला लागले. 'बाबा येताना आवाज होत नसे.' मी डोळे मिटले. जिना आठवला, कठडा आठवला, दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या दाराबाहेरची कुंडी आठवली. आता बिनआवाजाचे बाबा वर येतील म्हणून थांबले, आणि खालून शीळ आली. वर जाणारा सूर, मग खाली येणारा, लांबवलेला. मी उठले, तोंड धुतलं, पुन्हा बसले. पुन्हा तेच. दुपारभर मी त्या जिन्यावर बाबांना मुकं करायचा प्रयत्न करत होते आणि ते ऐकत नव्हते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, वाण्याकडे उभी असताना मी मनातल्या मनात त्यांना तळमजल्यावर नेऊन उभं करायची आणि म्हणायची, चला, गपचूप चढा. दुसऱ्याच पायरीवर शीळ. माझ्याकडे त्या माणसाची खरी अशी एकच गोष्ट होती, त्याचं न वाजणं, आणि तीही माझ्याच हाताने पुसली गेली होती. शेजारीण म्हणाली, तब्येत बरी नाही का, चेहरा उतरलाय. मी म्हटलं, लिहितेय. ती म्हणाली, "हां, मग बरोबर," आणि निघून गेली. लिहिणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. त्याला काही झालं तरी कोणी डॉक्टरकडे जा म्हणत नाही.

आणखी एक असतं, पण ते काही बरं नसतं. लिहिणाऱ्यासमोर माणसं बोलायची थांबतात. वहिनीच्या एका मैत्रिणीचं लग्न मोडलं, ते कधीतरी माझ्या एका कथेत आलं, बरंचसं बदलून आलं होतं, पण मैत्रिणीने ओळखलं. तेव्हापासून मी आई-दादाच्या घरात पाऊल टाकलं की वहिनी म्हणते, "चला, लेखिकाबाई आल्या, आता जपून." ती हसतच म्हणते. सगळे हसतात, मीही हसते. मग चालू असलेला विषय मिटवून तब्येतीचं, हवेचं, महागाईचं बोलणं निघतं. कधी स्वयंपाकघरात हशा पिकलेला असतो आणि मी आत जाऊन "काय झालं, काय झालं?" विचारलं की "काही नाही गं, असंच" असं उत्तर मिळतं. मी ते फारसं मनावर घेत नाही. घेत नाही असं मी म्हणते.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला राहवेना, तेव्हा मी दादाच्या कामाच्या जागी गेले. दादा कवळ्या बनवतो. डॉक्टरकडून तोंडाचे साचे येतात, त्यांत हा प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या करतो, त्यांत दात बसवतो. छोटीशी खोली, सगळीकडे पांढरी भुकटी, आणि फळीवर अनोळखी माणसांची तोंडं ओळीने हसत ठेवलेली. तो कानशीने एक दात घासत होता. "बस, बारके," तो वर न बघता म्हणाला. साठीच्या पलीकडच्या बाईला बारके म्हणणारा आता हा एकच माणूस उरला आहे. मी सरळच विचारलं, "दादा, बाबा शीळ घालायचे?"

"घालायचे की."

"नाही घालायचे. ती मी लिहिली."

"लिहिलीस, पण होती म्हणूनच लिहिलीस ना?" त्याने दात उजेडात धरून पाहिला. "मी तर आधी धावायचो दाराकडे. तू मागून. एकदा तू आपटलीस पण, उंबऱ्याला."

उंबऱ्याला आपटणं कथेत आहे. मी ते रंगात येऊन घातलं होतं. "दादा, तू धावायचा नाहीस. बाबा आले की तू पलंगाखाली जायचास. मास्तरांची नक्कल करताना बाबांनी तुला पाहिलं त्या दिवशी तू जेवायलासुद्धा बाहेर आला नाहीस. आईने ताट तिथे सरकवलं होतं."

त्याने कानस खाली ठेवली. माझा भाऊ चिडका नाही, म्हणून तो चिडला की आधी ओळखूच येत नाही. तो फडक्याने बोटं पुसत राहिला, एकेक बोट वेगळं. "तुला नक्की काय पाहिजे?" तो म्हणाला. "एकदा लिहून तूच त्यांना चांगलं केलंस. मला बरं वाटलं होतं ते वाचून. कामावरच्या, कॉलेजच्या, सगळ्या मित्रांना दाखवलं मी. माझ्या पोराला सांगितलं, तुझा आजोबा असा होता. आता म्हातारपणी तुला त्यांना परत वाईट करायची हौस आलीय? कशासाठी? पुस्तकासाठी?"

"खरं आहे म्हणून."

"खरं!" तो म्हणाला आणि हातातला दात माझ्यापुढे धरला. "हे बसवल्यावर माणूस आठ दिवस तक्रार करतो. टोचतंय, जीभ अडतेय. महिन्याने विचारलं तर त्याला स्वतःचे दात कसे होते तेसुद्धा सांगता येत नाही. आणि मजेत जेवत असतो. मी काय त्याच्या घरी जाऊन सांगू, काढ रे ते, तुझे नाहीत म्हणून?" उपमा चांगली होती. मला ती फुकटात मिळाली याचा राग आला, आणि सवयीने ती मी मनात टिपून ठेवली याचा त्याहून जास्त. निघताना तो म्हणाला, "आईला यातलं काही बोलू नकोस. तिच्याकडे आता काय उरलंय दुसरं?"

पण मी बोलायचंच ठरवलं. माझं स्वतःशी मोठं भांडण झालं त्यावर. एका बाजूला आई होती, गुडघे गेलेली, दिवसभर एका खुर्चीत बसणारी, आणि तिच्याजवळ जिन्यावरून शीळ घालत येणारा एक नवरा होता, जो मी तिला दिला होता. तो काढून घ्यायचा? दुसऱ्या बाजूला मी होते. त्या मुक्या माणसाला एवढी वर्षं भ्यायले, एवढी वर्षं चिडले, ते सगळं ज्याच्यावर केलं तो माणूसच नसेल तर मी लहानपणभर कोणाला घाबरत होते? आई एकदा म्हणाली असती, हो गं, असेच यायचे ते, गुपचूप, तर माझे बाबा मला परत मिळाले असते. वाईट का होईना, पण माझे. एका म्हातारीचं सुख मोडून मला माझी भीती परत हवी होती. असं मांडलं की ते भयंकर दिसतं, म्हणून मी ते मांडत नव्हते, नुसती तेच तीन जिने चढत होते. वहिनी बँकेत गेलेली, दादा कामावर. आई ओट्याऐवजी आता टेबलाशी बसून मटार सोलते, तशी बसली होती. मी समोर बसले, मूठभर शेंगा ओढल्या आणि म्हटलं, "आई, बाबा शीळ घालत नव्हते."

"माहितेय की," आई म्हणाली.

तिने शेंग फोडली, दाणे अंगठ्याने सरकवले, साल बाजूला टाकलं. "त्यांना कुठली यायला शीळ? पुढचा दात तुटका होता त्यांचा, लिफ्टचं हँडल लागून. वारा जायचा नुसता." तो दातही मी विसरले होते. "मग त्या दिवशी त्या मुलीला—"

"अगं, तुझी गोष्ट छापून आली तेव्हा खालच्या बाईंनी जिन्यात मला धरलं. म्हणाल्या, आम्ही एवढी वर्षं खाली राहतो, आम्हाला कधी ऐकू नाही आली ती शीळ. मला काय सुचणार? नाही म्हटलं असतं तर तू खोटी पडली असतीस चारचौघांत. म्हटलं, घालायचे, हळू घालायचे, घरच्यापुरती. एकदा म्हटलं की मग म्हणतच राहावं लागतं. पुढे पुढे कोणी विचारलं तर मी करून दाखवायला लागले. सराव झाला." तिने पुन्हा चंबू केला, पण शीळ घातली नाही. "बरं वाटतं म्हणताना. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायला लागली ती."

मी आयुष्यभर दावे तपासले, आणि माझ्या आईने माझा दावा इतकी वर्षं पास करून ठेवला होता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि त्याच्याही वर मला घाई झाली. "म्हणजे माझं बरोबर होतं," मी म्हटलं. "ते गुपचूपच यायचे. किल्ल्या मुठीत धरून. आम्हाला पकडायला."

"पकडायला?" आईचा हात थांबला. "पकडायला कशाला?"

"मग कशाला?"

तिने आणखी चार शेंगा सोलल्या. मला वाटलं विसरली, किंवा दमली. मग ती मटारांकडे बघतच म्हणाली, "एकदा मी सामान घेऊन मागून आले. तू सात-आठ वर्षांची असशील. बघते तर हे शेवटच्या वळणावर पायरीवर बसलेले, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं, छातीत दुखतंय का काय. तर मला अशी खूण केली, गप्प म्हणून. आत तुम्ही दोघं कशावरून तरी खिदळत होतात. दादा कोणाचं तरी सोंग करत होता आणि तू लोळत होतीस हसून, तिथपर्यंत ऐकू येत होतं. मीही बसले शेजारी. पिशव्या पायाशी ठेवून. थोड्या वेळाने मी म्हटलं, चला की आत. तर म्हणाले, मी गेलो की थांबतं ते." तिने एक शेंग उचलली आणि फोडली. "रोज बसायचे. पाच-दहा मिनिटं. तुम्हाला सांगू नको म्हणाले. नाहीतर पोरं मुद्दाम हसतील, म्हणाले."

टेबलावर शेंगांचा ढीग होता आणि माझ्या हातात एक शेंग होती, ती मी कितीतरी वेळ सोललीच नाही. बाबा माझ्या अगदी जवळ, भिंतीच्या पलीकडे, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि मला ते इतके स्पष्ट दिसत होते की मी दाराकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी माझ्यातली ती दाव्यांच्या विभागातली बाई जागी झाली. पिशवी मांडीवर. गप्पची खूण. पायाशी ठेवलेलं सामान. तपशील फार चांगले होते. शेवटचं वाक्य तर असं, की कोणत्याही संपादकाने चष्मा कपाळावर चढवून माझ्या पाठीवर थाप मारली असती. माझ्या शिळेपेक्षा हे कितीतरी वरचं होतं. मला हेवा वाटला, खरंच वाटला, आपल्याला हे का सुचलं नाही म्हणून. जिने एकदा माझ्यासाठी खोटं बोलून ते आयुष्यभर निभावलं, ती आता माझं हे तोंड बघून आणखी एक रचू शकणार नव्हती का? "आई," मी म्हटलं, "हे खरं आहे ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नाही, वाईट वाटलं की नाही ते कळलं नाही. "मी कुठे लेखिका आहे?" ती म्हणाली, आणि सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. "घे, त्यातले खराब बाजूला काढ. मला आता दिसत नाही."

त्यानंतरचे दिवस मी फक्त येरझाऱ्या घातल्या. प्रकाशकांचा फोन आला तर घेतला नाही. कागदांसमोर बसले की माझ्या जिन्यावर आता तीन माणसं होती. एक शीळ घालत चढणारा, एक मूठ आवळून चढणारा, आणि एक न चढता वळणावर बसून राहिलेला. तिसऱ्यावर विश्वास ठेवावा तर मी ज्याच्यावर जन्मभर चिडले त्याची मला माफी मागावी लागणार होती, आणि ती मागायला तो माणूस नव्हता. न ठेवावा तर आई खोटी. मला वाटायचं, तपासावं. पण काय तपासणार? बाहेर बसलेल्या माणसाला आतल्याने पाहिलेलं नसतं. मी आठवून आठवून थकले, की कधी दार उघडताना त्यांच्या पँटला मागून पायरीची धूळ लागलेली होती का. त्यांच्या पाठीकडे मी कधी बघितलंच नव्हतं, ते आत यायच्या आतच माझी मान खाली गेलेली असायची. एवढं सगळं लिहिलं मी त्यांच्यावर, आणि त्यांची पाठ मला माहीत नव्हती. याचं मला इतकं दुःख झालं की मी भर दुपारी, उन्हाच्या वेळी, दारं-खिडक्या लावून घेऊन रडले. मग पहिलं प्रकरण फाडलं. फाडून झाल्यावर पश्चात्ताप झाला, कारण बुटांचं वर्णन चांगलं उतरलं होतं.

रविवारी सकाळी मी आईकडे गेले. आज काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं, असं ठरवून गेले होते. वर पोचले आणि बेलकडे हात नेला, तेवढ्यात आतून हसण्याचा मोठा लोंढा आला. दादाचा आवाज होता, तो कोणाचं तरी सोंग करत होता, नाकातून बोलत होता. बहुतेक त्याच्याकडे येणाऱ्या एखाद्या दातांच्या डॉक्टरचं. कित्येक वर्षांत मी त्याला सोंग करताना ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं त्याने ते सोडून दिलं. वहिनी "पुरे, पुरे, पोट दुखलं" म्हणत होती, व्यायामाची मुलगी हसता हसता ठसकत होती, आणि या सगळ्यांच्या वर आई हसत होती. ती माझ्यासमोर हसते तशी नाही, तोंडावर पदर न घेता, मोकळी, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारी. मी हात खाली घेतला. बेल वाजवली की काय होणार ते मला ठाऊक होतं. वहिनी म्हणेल, चला, लेखिकाबाई आल्या. सगळे हसतील. आणि मग हवेचं निघेल. मला आत जायचं नव्हतं. मला ते हसणं अजून थोडं हवं होतं, फक्त एवढंच, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातलं काहीही टिपून ठेवावंसं मला वाटलं नाही. दादाने आवाज आणखी चढवला. आत कोणीतरी टेबलावर हात आपटला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

दार उघडलं. वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर येत होती. ती दचकली, मग खाली वाकून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मला कळलं की मी पायरीवर बसले आहे, पर्स मांडीवर घेऊन. आतला आवाज थांबला होता.

"अगं बाई, तू कधी आलीस?" वहिनी म्हणाली. "आणि बेल का नाही वाजवलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.